व्हेर्कोरच्या पठारावर, पापींच्या वाटेनं

पहिला दिवस : लिओं ते रोमाँ

माझ्या नवऱ्याच्या आजोबांना घरात सगळे 'पापी' म्हणतात. फ्रेंच घरांत आजोबांना लाडानं तसंच म्हणायची रीत आहे. लग्न करून इथं आले तेव्हा हा शब्द जेवणाच्या टेबलावर आला की माझ्या कोल्हापुरी कानांना हिसका बसायचा. आता माझी लेकच "पापींचा फोटो कुठंय?" असं सहज विचारते. ते १९९६ साली गेले, त्यामुळे मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्यापर्यंत आलेले पापी सगळे ऐकीव आहेत, आणि तेही दोन. एक सासूबाईंचे, दुसरे त्यांच्या थोरल्या भावाचे, म्हणजे आमच्या मामांचे.

मामांचे पापी १९४३ साली, फ्रान्सवर जर्मनांचा ताबा असताना, जर्मनीतली सक्तीची मजुरी नाकारून डोंगरात पळाले, माकीत गेले आणि स्टेनगन घेऊन व्हेर्कोर पठारावरच्या व्हास्यू गावाच्या मैदानात लढले. (माकी म्हणजे झुडपांचं रान. त्यात लपून लढणाऱ्यांनाही मग तेच नाव पडलं.) सासूबाईंचे पापी बोलतच नाहीत. युद्धाचा विषय निघाला की उठून बागेत जातात. रात्री उशाशी पाण्याचा भरलेला जग ठेवतात, आणि पेल्यात उरलेलं पाणी कुणी मोरीत ओतलं तर त्यांचा चेहरा पडतो. पाव टाकला तर एवढं नाही, पण पाणी टाकायचं नाही.

या वसंतात पॅरिसजवळच्या व्हँसेनच्या लष्करी दफ्तरखान्यातून पापींच्या फाइलची प्रत आली. प्रतिकारात भाग घेतल्याची नोंद व्हावी म्हणून युद्धानंतर ज्यांनी अर्ज केले किंवा ज्यांच्यासाठी केले गेले, अशा सुमारे सहा लाख माणसांच्या फाइली तिथं जपून ठेवल्यात. पापींची फाइल चार कागदांची. त्यात त्यांच्याच हातानं भरलेला एक अर्ज. सेवेत दाखल : ९ जून १९४४. तुकडी : रोमाँची कंपनी. काम : पादत्राणांची दुरुस्ती.

मामांनी तो कागद दोनदा वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. "कुण्या कारकुनाची चूक असणार," म्हणाले. अक्षर पापींचं आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण कुणी बोललं नाही. शेवटी सासूबाईंनीच सांगितलं, "जाऊन बघू या. सगळे मिळून." म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो : सासूबाई, मामा, नवरा, तेरा वर्षांची लेक आणि मी.

रोमाँ-स्युर-इझेर हे बुटांचं गाव. इझेर नदीकाठी कातडी कमावण्याचा धंदा जुना, त्यातून पुढं बुटांचे कारखाने उभे राहिले. पापी चौदाव्या वर्षी अशाच एका कारखान्यात लागले. एका जुन्या मठात बुटांचं मोठं संग्रहालय आहे. दुपार आम्ही तिथंच काढली. लेक राण्यांच्या रेशमी चपलांपाशी रमली, मला मात्र युद्धकाळातल्या लाकडी तळव्यांच्या बुटांपासून हलवेना. कातडं जर्मन फौजेसाठी जात होतं, माणसांना नव्या जोड्यासाठी परवाना लागायचा, बायका लाकडी तळव्यांवर खटखट करत रस्त्यानं चालायच्या.

मुक्कामाला मामांकडेच होतो. जेवायला राव्हिओल होते, चीज भरलेल्या नखाएवढ्या चौकोनी पिठाच्या उशा, या भागाची खासियत. आदल्या वर्षीच मामांच्या गॅरेजमध्ये मी खिळ्याला टांगलेली आरी पाहिली होती. मूठ घामानं काळी झालेली, पातं घासून घासून निम्मं उरलेलं. मामा तिनं पट्ट्याला भोकं पाडतात. माझं बालपण कोल्हापुरात चप्पल करणाऱ्यांच्या गल्लीला लागून गेलं, त्यामुळे आरी आणि रापी मला लांबून ओळखू येतात. या खेपेला विचारलं, "ही पापींची का?" मामा म्हणाले, "असेल." आणि दिवा बंद केला.

दुसरा दिवस : घाट चढून वर

रोमाँहून पूर्वेला पाहिलं की क्षितिजावर एक पांढरी भिंत दिसते. तेच व्हेर्कोर. चुनखडीचं पठार, चहूबाजूंनी कडे तुटलेले, वर जंगलं आणि कुरणं. कोम्ब लाव्हालचा घाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कड्याच्या पोटात खोदून काढलाय. एका बाजूला डोक्यावर आलेला खडक, दुसऱ्या बाजूला शेकडो मीटर खाली दरी. नवरा गाडी चालवत होता आणि सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

कुठल्याही मराठी माणसाला हे पठार बघून जे सुचेल तेच मलाही सुचलं : हा तर गड आहे. मोजके घाट, अरुंद खिंडी, त्या अडवल्या की वर कुणी येऊ शकत नाही. अगदी हाच विचार १९४१ साली वास्तुविशारद आणि गिर्यारोहक पिएर दालोझ यांच्या मनात आला. लेखक जाँ प्रेव्हो त्यांच्या सोबत होते. खिंडी रोखून धरायच्या, योग्य वेळी पठारावर दोस्त राष्ट्रांचे छत्रीधारी सैनिक उतरवायचे, आणि तिथून जर्मनांच्या पाठीवर घाव घालायचा. १९४३च्या सुरुवातीला ही योजना प्रतिकाराचे नेते जाँ मुलाँ यांच्यापर्यंत पोचली आणि लंडनला गेली. पठारावरची पहिली छावणी तोवर आंबेलच्या शेतघरात सुरू झाली होती.

१६ फेब्रुवारी १९४३ला सक्तीच्या मजुरीचा कायदा आला आणि तरुण पोरं रानात पळू लागली. मामांची गोष्ट इथून सुरू होते. पण त्या कायद्यानं आधी उचलली ती १९२० ते १९२२ या सालांत जन्मलेली पोरं. पापी १९२४चे. हा हिशेब मी रोमाँहून निघतानाच मनात केला होता, मामांना सांगितला नाही.

पापींच्या कागदावरची तारीख मात्र पठाराच्या इतिहासात नेमकी बसते. ५ जून १९४४च्या रात्री बीबीसीवरून निरोप आला, 'आल्प्सचा रानबकरा झेप घेतो'. व्हेर्कोरसाठी ठरलेली ती खूण होती. दुसऱ्या दिवशी नॉर्मंडीत सैन्य उतरलं. पठारावरच्या माकीचे लष्करी प्रमुख फ्रांस्वा उए यांनी ८ आणि ९ जूनच्या मधल्या रात्री पठार बंद करून जमवाजमव करायचा हुकूम दिला. रोमाँची पोरं गावातून निघाली ती याच हुकमावर. पापी वीस वर्षांचे होते. घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून आम्ही खाली पाहिलं. दूर उन्हात रोमाँ दिसत होतं. लेकीनं विचारलं, "त्यांनी वर येताना काय आणलं असेल?" मामा लगेच म्हणाले, "बंदूक." सासूबाई काही बोलल्या नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर गॅरेजमधली आरी आली.

संध्याकाळी लाँतचं जंगल ओलांडून लाशोच्या खिंडीत गेलो. तिथं १९९४ साली उघडलेलं प्रतिकार स्मारक आहे. डोंगराच्या अंगातच बांधलेलं, त्यामुळे लांबून दिसतही नाही. खाली व्हास्यूचं खोलगट मैदान पसरलेलं. बंद व्हायची वेळ झाली होती, आत घाईघाईनं फिरलो. मुक्काम व्हास्यूत.

तिसरा दिवस : व्हास्यू

सकाळी गावात फिरताना चुकल्यासारखं वाटत होतं. थोड्या वेळानं कारण कळलं : शेकडो वर्षांच्या या गावात एकही जुनं घर नाही. सगळं १९४५ नंतर बांधलेलं.

आधी १४ जुलै १९४४. फ्रेंच राष्ट्रीय सण, आणि त्या सकाळी भर उजेडात ७२ अमेरिकी विमानं व्हास्यूवर आली. आठशेच्या वर पेट्या छत्र्यांना बांधून खाली सोडल्या. निळ्या, पांढऱ्या, लाल छत्र्यांनी आभाळ भरलं. गावकरी नाचले. आत स्टेनगन होत्या, काडतुसं होती, कपडे होते. उखळी तोफा नव्हत्या, आणि लढाईला लागणार होत्या त्या त्याच. विमानं वळतात न वळतात तोच जर्मन विमानांनी व्हास्यू आणि ला शापेल या गावांवर बाँब टाकायला सुरुवात केली.

आमच्या घरात त्या दिवसाची एकच वस्तू आहे, सासूबाईंचं बाप्तिस्म्याचं झबलं. छत्रीच्या कापडातून शिवलेलं, मुळात पांढरं, आता सायीच्या रंगाचं. त्या काळात बऱ्याच घरांत असं झालं. कापड मिळत नव्हतं आणि छत्र्यांचं कापड पोलादासारखं टिकाऊ. सासूबाईंनी ते पातळ कागदात गुंडाळून सोबत आणलं होतं. गावात प्रतिकाराचं संग्रहालय आहे. स्वतः माकीत लढलेले जोझेफ ला पिचिरेला यांनी १९७३ साली ते एकट्याच्या हिमतीवर उभं केलं. तिथल्या बाईंनी झबलं बघायला मागितलं, काचेच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरलं, हातमोजे घातले आणि सावकाश उलगडलं.

मी शेजारीच वाकून बघत होते. अंगाची शिवण मशीनची होती, बारीक आणि सरळ, सासूबाईंच्या आईची. पण पाठीमागचे दोन बंद हातानं जोडलेले. दोरा जाड, मेण लावलेला, काळपट पडलेला. मी परवानगी घेऊन बंद उलटा केला. टाके दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखे. उलट-सुलट असं काही नाहीच. आधी आरीनं भोक पाडायचं, मग एकाच भोकातून समोरासमोरून दोन सुया घालायच्या आणि दोन्ही हातांनी एकदम ओढायचं. शिंप्याचा हात असं शिवत नाही. आमच्या गल्लीत चपलेचे अंगठे, पट्टे असेच बसवायचे. एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो.

"हे बंद तुमच्या वडलांनी लावलेत," मी सासूबाईंना म्हणाले.

त्यांना आधी पटेना. आईच शिवायची, बाबांनी घरात कधी सुई हातात धरली नाही, असं त्या म्हणाल्या. मी दोन सुया कशा चालतात ते हातवारे करून दाखवलं. संग्रहालयातल्या बाईंनी भिंग आणलं. सासूबाई भिंगातून बराच वेळ बघत राहिल्या. पंचाहत्तर वर्षांच्या त्या, आणि त्यांच्या अंगावर पहिल्यांदा चढलेल्या कपड्याला बापाचा हात लागला होता हे त्यांना आज कळत होतं. मामा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

दुपारी मैदानात गेलो. इथं माकीच्या लोकांनी धावपट्टी करायला घेतली होती, दोस्तांची विमानं उतरावीत म्हणून. नागरी प्रमुख युजेन शाव्हाँ मे महिन्यात समुद्रमार्गे अल्जीयर्सला, स्वतंत्र फ्रेंचांच्या मुख्यालयात जाऊन छत्रीधारी फौजेचं आश्वासन घेऊन आले होते. ३ जुलैला पठारावर प्रजासत्ताक पुन्हा स्थापन झाल्याची पत्रकं भिंतींवर लागली होती. जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारचं राज्य चालू असताना फ्रान्सच्या या तुकड्यावर कायदा, शाळा, टपाल, सगळं पुन्हा प्रजासत्ताकाच्या नावानं चालत होतं. साताऱ्याच्या प्रतिसरकाराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला त्या पत्रकापुढून पाय काढवेना. तेही त्याच काळातलं.

२१ जुलैला सकाळी आभाळात विमानं दिसली, मागं ग्लायडर बांधलेले. धावपट्टीवर काम करणाऱ्यांपैकी अनेकांना वाटलं, आले आपले लोक. ते जर्मन होते. लिओंजवळच्या ब्रोनच्या विमानतळावरून उडालेले. मी आठवड्याला दोनदा त्या बाजूनं जाते आणि मला हे ठाऊक नव्हतं. त्याच वेळी जनरल प्फ्लाउमच्या १५७व्या डिव्हिजनचे लोक सगळ्या खिंडींतून वर चढत होते. सुमारे दहा हजार जर्मनांपुढे सुमारे चार हजार माकी, त्यातली बरीच दीड महिन्यापूर्वी आलेली पोरं. शाव्हाँनी अल्जीयर्सला संतापानं तार पाठवली : मदत आली नाही तर तिकडं बसलेले लोक गुन्हेगार आणि भ्याड ठरतील. मदत आली नाही. दक्षिणेत सैन्य उतरलं ते १५ ऑगस्टला.

व्हास्यूत ७३ गावकरी मारले गेले. म्हातारे, बायका, तान्ही मुलं. आर्लेत ब्लाँ नावाची मुलगी, माझ्या लेकीहून थोडी लहान, घराच्या ढिगाऱ्याखाली आपल्या माणसांच्या प्रेतांशेजारी अनेक दिवस अडकून होती. येणाऱ्याजाणाऱ्या शिपायांकडे ती पाणी मागायची. त्यांनी दिलं नाही. गावाच्या पाद्रीबाबांनी तिला बाहेर काढलं, पण ती जगली नाही. ही हकीगत मी लेकीला सांगू की नको अशा विचारात असताना तिनं ती स्वतःच फलकावर वाचली. मग बाटली काढून घोटभर पाणी प्यायली आणि बाटली आजीच्या हातात दिली.

गावाबाहेरच्या स्मशानभूमीत १८७ कबरी आहेत. मामा एकेक नाव वाचत सगळ्या ओळींतून फिरले. रोमाँची ओळखीची आडनावं निघाली. शेजारी एका ग्लायडरचा गंजका सांगाडा अजून आहे. व्हास्यूला मुक्तीचा क्रॉस मिळाला. अख्ख्या फ्रान्समध्ये हा मान पाचच गावांना आहे, त्यात एक पॅरिस.

रात्री झोप येईना. मामांना स्टेनगन का हवी आहे ते कळत होतं, आणि रागही येत होता. जोडे शिवणं हे काम त्यांना सांगायला कमी वाटत होतं. आपल्याकडे हाच कमीपणा माणसांच्या जन्मालाच चिकटवला गेला, पिढ्यान्‌पिढ्या. रोहिदासांच्या हातात आरी होती हे अभंगात डोलत म्हणायचं आणि चप्पल शिवणाऱ्याला उंबऱ्याबाहेर उभं करायचं, हे मी लहानपणी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. इथं ती जातीची गाठ नाही, तरी बापाच्या हातात बंदूकच असावी असं लेकाला वाटतं.

चौथा दिवस : लुईरची गुहा, ला शापेल

पाऊस. रस्त्यापासून थोडं चढलं की झाडांत गुहेचं प्रचंड तोंड उघडतं. जर्मन वर आल्यावर सँ-मार्ताँ गावातला माकीचा दवाखाना हलवावा लागला, आणि न हलवता येणारे जखमी इथं आणले. २७ जुलैला जर्मनांना गुहा सापडली. स्ट्रेचरवरच्या जखमींना त्यांनी ठार केलं. दोन डॉक्टर आणि पाद्री इव्ह द माँशय यांना ग्रेनोब्लला नेऊन गोळ्या घातल्या. परिचारिकांना राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठवलं. त्यांपैकी ओदेत मालोसान परत आल्या नाहीत.

या गुहेत आत खोल विवर आहे, आणि फार मोठा पाऊस झाला की जमिनीखालचं पाणी शेकडो मीटर वर चढून गुहेच्या तोंडातून नदीसारखं बाहेर पडतं. वाटाड्यानं हे सांगितलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "आणि त्या जुलैत?" तो म्हणाला, "कोरडी होती."

ला शापेलला एका शेतघराचं अंगण तसंच राखलंय. २५ जुलैला गावातली १६ तरुण मुलं तिथं भिंतीशी उभी करून मारली. भिंत आहे, नावं आहेत. आम्ही तिथं फार थांबू शकलो नाही.

पाचवा दिवस : लाँतचं जंगल

२३ जुलैला उए यांनी लढाई मोडून पांगायचा हुकूम दिला. छोट्या टोळ्या करा, जंगलात शिरा, फिरत राहा. पापींच्या अर्जात याबद्दल एकच ओळ आहे : 'लाँतच्या जंगलात, ऑगस्टपर्यंत.'

आम्ही सकाळी सातला चालायला लागलो. बीच आणि देवदारासारखी उंच झाडं, खाली दाट सावली, पायाखाली शेवाळ. आणि शेवाळाखाली तो खडक. पावसानं शतकानुशतकं कुरतडलेली चुनखडी, तिला सुऱ्यांसारख्या धारा आल्यात आणि मधे हातभर रुंद, पुरुषभर खोल भेगा. तासाभरात लेकीच्या नव्या बुटाच्या तळव्याला चीर गेली. मग माझ्या लक्षात आलं की चार हजार माणसं, त्यात अर्ध्याअधिकांच्या पायात शहरातले पातळ जोडे किंवा लाकडी तळवे, दीड महिना या खडकावर चालत होती. ज्याचा बूट फाटला तो मागं राहिला, आणि मागं राहिला तो सापडला. रोमाँच्या त्या कंपनीला तिच्या चांभाराची किती गरज असेल!

दुसरी गोष्ट सासूबाईंच्या लक्षात आली. तीन तासांत आम्हाला एकही ओहोळ लागला नाही. आदल्या दिवशी धो धो पाऊस पडला होता, तरी जमीन कोरडी. या पठारावर पडलेलं पाणी थांबतच नाही, भेगांतून थेट खाली जातं आणि कुठं तरी पायथ्याशी बाहेर येतं. आपला काळा कातळ पाणी धरतो. म्हणून तर गडावर टाकी खोदता येतात आणि वेढा पडला तरी माणसं तगतात. व्हेर्कोरचा गड बाहेरून बेलाग, पण त्याच्या पोटात पाणी नाही. वर मोजके झरे आणि गुरांसाठीचे हौद. जर्मनांना ते ठाऊक होतं. त्यांनी झऱ्यांवर पहारे बसवले आणि वाट बघितली. लपलेली पोरं पहाटे पानांवरचं दव चाटायची, शेवाळ पिळून तोंडात धरायची. तहान असह्य होऊन जो हौदाकडे गेला, त्यातले कितीतरी परत आले नाहीत.

सासूबाई एका आडव्या ओंडक्यावर बसल्या. मूठभर शेवाळ उपटलं आणि पिळलं. चार-पाच थेंब पडले, गढूळ. "उशाशी जग," एवढंच म्हणाल्या.

मग मामा बोलायला लागले. कुणाकडे न बघता, समोरच्या झाडांकडे बघत.

"मी नऊ वर्षांचा होतो. शाळेत मधल्या सुटीत सगळे आपापल्या बापाची गोष्ट सांगायचे. कुणाच्या बापानं पूल उडवला, कुणाच्या बापाकडे स्टेन होती. मी घरी येऊन विचारलं, बाबा, तुमच्याकडे काय होतं? ते माझ्याकडे बघत राहिले. मग बागेत निघून गेले. दुसऱ्या दिवशी शाळेत मी सांगितलं, स्टेन होती. व्हास्यूला होते. सगळं मीच रचलं. पुढं इतक्या वेळा सांगितलं की मला ते दिसायलाच लागलं." थोडं थांबून म्हणाले, "त्यांच्या कानावर गेलं असणार. ते कधी खोटं म्हणाले नाहीत."

कुणीच काही बोललं नाही. नवऱ्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. लेकीनं बाटली पुढं केली. मामा प्यायले. तळाशी उरलेलं पाणी त्यांनी फेकलं नाही, टोपण लावून बाटली परत दिली.

परतीच्या वाटेवर मी त्यांना रोमाँच्या संग्रहालयातल्या लाकडी तळव्यांबद्दल आणि लेकीच्या फाटलेल्या बुटाबद्दल बोलले. बंदुकीइतकाच जोडा मोलाचा होता हे मला खरोखर वाटतं आणि तसंच सांगितलं. त्यांना पटलं की नाही कळलं नाही. पण गाडीपाशी आल्यावर त्यांनी लेकीचा बूट हातात घेतला, अंगठ्यानं चीर चाचपली आणि म्हणाले, "आतून चामडं लावावं लागेल. हे चिकटवून भागायचं नाही." त्यांना बुटांतलं कळतं हे मला सोळा वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

सहावा दिवस : ग्रेनोब्लमार्गे घरी

उत्तरेच्या टोकाला सँ-निझिए. जूनच्या मध्यावर पहिला मोठा हल्ला इथंच झाला, गाव जाळलं. इथल्या स्मशानभूमीत जाँ प्रेव्हो यांची कबर आहे. १ ऑगस्टला पठारावरून निसटताना पायथ्याशी, सासनाजजवळच्या पुलावर ते मारले गेले. खाली ग्रेनोब्ल शहर तळहातावर असल्यासारखं दिसतं. शहरात कूर बेरियावर थांबलो. पठारावरून पकडून आणलेल्या २० तरुणांना १४ ऑगस्टला तिथं गोळ्या घातल्या. आठच दिवसांनी ग्रेनोब्ल मुक्त झालं. रोमाँही त्याच २२ ऑगस्टला मुक्त झालं, पण पाच दिवसांनी जर्मन परत आले, आणि कायमचे गेले ते महिनाअखेरीस. पापी घरी कधी पोचले, कसे पोचले, हे फाइलीत नाही. घरी पोचल्यावर ते पुन्हा कारखान्यात कामाला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच होते.

व्हास्यूच्या संग्रहालयातल्या बाईंनी निघताना विचारलं होतं, झबलं आम्हाला द्याल का? इथं नीट जपलं जाईल. सासूबाईंनी विचार करून सांगते म्हटलं होतं. परतीच्या वाटेवर महामार्गावर गाडी लागल्यावर त्यांनी निर्णय सांगितला : नंतर देईन. मामांच्या नातीला ऑक्टोबरात बाळ होणार आहे, त्याच्या अंगावर एकदा चढू दे.

मामा म्हणाले, डावा बंद सैल झालाय, मी बघितलं. आरी आहे माझ्याकडे. दोरा कुठला घ्यायचा?

तागाचा, मी म्हणाले. मेण लावलेला. आणि सुया दोन लागतील.

"शिकव मला," मामा म्हणाले.